तुम्ही विचारलंत म्हणून: मशीन लावलेली असताना सिस्टर श्वास कशाला मोजतात?

"सिस्टर, मशीन लावून आहे न, मंग तुम्ही घड्याळात काय पाहून राहिल्या?"

नागपुरात मेडिसिन वॉर्ड आणि आयसीयू मिळून बावीस वर्षं झाली, आणि हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय. गडचिरोली-भंडाऱ्याकडून पेशंट घेऊन आलेले नातेवाईक विचारतात, शेजारच्या काकू विचारतात. परवा स्टाफमध्ये नवीन लागलेल्या एका मुलीनेही विचारलं. ड्यूटीवर तिला घाईत काहीतरी सांगितलं. आज नीट सांगते.

मी श्वास मोजत असते. पूर्ण एक मिनिट, सेकंदकाट्यावर. हात मात्र पेशंटच्या मनगटावर असतो, म्हणजे त्याला वाटतं की नाडी बघून राहिल्या. हे मुद्दाम. आपला श्वास कोणी मोजतंय हे कळलं की माणूस नकळत वेगळा श्वास घेतो आणि आकडा खोटा येतो. मोठ्या माणसाचे मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास ठीक. पण त्या एका मिनिटात आकड्यापेक्षा बरंच काही दिसतं. नाकपुड्या फुगतात का, गळ्याखालचा खड्डा आत ओढला जातो का, छाती आणि पोट सोबत वर येतात का, "जेवलात का काका?" म्हटल्यावर उत्तर एका दमात येतं की दोन शब्दांवर तुटतं.

मॉनिटरवरही श्वासाचा आकडा असतोच. पण तो बहुतेक वेळा छातीवर चिकटवलेल्या ईसीजीच्या पट्ट्यांवरून, छाती किती हलली त्याच्या अंदाजाने येतो. पेशंट कूस बदलतो, खोकतो, ते मशीन श्वास म्हणून धरू शकतं. श्वासनलिका बंद पडून छाती नुसतीच धडपडत असली तरी ते मोजत राहतं. आणि बोटाला लावलेला प्रोब रक्तातला ऑक्सिजन सांगतो, तो किती कष्टाने मिळतोय ते सांगत नाही. शरीर जोर लावून बराच वेळ आकडा धरून ठेवतं. म्हणून श्वासाची गती आधी वाढते, सॅच्युरेशन, म्हणजे प्रोबवर दिसणारी ऑक्सिजनची टक्केवारी, बऱ्याचदा नंतर पडतं. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये बिघडणारा पेशंट लवकर ओळखण्यासाठी गुणांची एक पद्धत आणली, २०१७ मध्ये ती सुधारली. तिच्यात श्वास मिनिटाला २५ किंवा त्याहून जास्त असले की एकट्या त्या गोष्टीला ३ गुण, म्हणजे कुठल्याही एका निरीक्षणाला मिळणारे सर्वाधिक.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. नोकरीचं पहिलं वर्ष, एका खाजगी दवाखान्यात नाईट. तिथल्या टीपीआर चार्टवर, म्हणजे ताप-नाडी-श्वासाच्या तक्त्यावर, श्वासाच्या रकान्यात सगळ्यांच्याच नावापुढे २० लिहिलेलं असायचं. पहिल्या कॉटपासून शेवटच्या कॉटपर्यंत २०, २०, २०. रात्री दहाला मीही तेच लिहिलं, दोनला पुन्हा लिहिलं. न्यूमोनियाचा पेशंट होता, पन्नाशीतला. ताप उतरलेला, ऑक्सिजनवर सॅच्युरेशन ९५. पाचच्या सुमारास त्याची बायको आली आणि म्हणाली, "बाई, हे रातभर टेकलेच नाही, बसूनच हायेत." मी गेले, मोजले. ३८. डॉक्टरांना उठवलं, त्याला आयसीयूत हलवलं, सहा दिवस व्हेंटिलेटरवर होता. वाचला. पण दोन वेळचे ते वीस माझ्या अक्षरात होते, आणि ते अक्षर मला अजून दिसतं.

आता ऑक्सिजनच्या नॉबबद्दल, कारण हे आमच्याकडे रोज होतं. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या म्हाताऱ्या आजी भरती होतात. फुफ्फुसं धुराने खराब झालेली. त्यांचं सॅच्युरेशन आम्ही ८८ ते ९२ मध्येच ठेवतो. नातवाला मशीनवर ९० दिसतं, त्याला राहवत नाही, आणि आम्ही दुसऱ्या कॉटकडे वळलो की तो नॉब फिरवतो. आकडा ९८ होतो, त्याला समाधान वाटतं, आजीलाही छान झोप लागते. ती झोप नसते. अशा काही पेशंटमध्ये जास्त ऑक्सिजनने रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो आणि गुंगी येते. मी खांदा हलवून "आजी, नाव सांगा" म्हणते तेव्हा लोकांना वाटतं सिस्टर झोपू देत नाही. बाप्पा हो, नॉबला हात लावू नका, मला हाक मारा. दहादा मारा.

हृदयाच्या पेशंटला मी विचारते, रात्री उशा किती घेता? एकीच्या तीन झाल्या असतील तर फुफ्फुसात पाणी साठत असण्याची शंका येते. असा माणूस धापा टाकत असेल तर त्याला आडवं करू नका, बसवा, पाय खाली सोडू द्या. वजन रोज सकाळी, लघवीनंतर, त्याच काट्यावर. दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते जेवण अंगी लागलेलं नसतं, ते पाणी असतं. लकवा मारलेल्या पेशंटच्या बाबतीत माझी एकच विनवणी, गिळण्याची तपासणी होईपर्यंत चमचाभरही पाणी तोंडात घालू नका, ते फुफ्फुसात जाऊ शकतं. आणि लक्षणं सुरू कधी झाली ती वेळ सांगा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून "सकाळपासून" हे उत्तर आम्हाला पुरत नाही.

मेंदू आणि नसांचे पेशंट म्हटलं की मला पावसाळा आठवतो. चंद्रपूरकडचा एकोणीस वर्षांचा मुलगा. जमिनीवर झोपला होता, पहाटे पोट दुखलं म्हणून उठला. अंगावर चावल्याची खूण सापडेना. आई म्हणत होती, झोप झाली नाही म्हणून पापण्या जड आहेत. मण्यार साप असाच चावतो, दुखतसुद्धा नाही. सापाच्या विषावरचं औषध, अँटीव्हेनम, सुरू होतं. मॉनिटरवर सॅच्युरेशन ९८.

श्वासाच्या स्नायूंत जोर किती उरला ते बघायला अशा पेशंटला मी सांगते, मोठा श्वास घे आणि एका दमात आकडे म्हण. धडधाकट माणूस तिशीच्या पुढे सहज जातो. तो पहिल्यांदा २४ पर्यंत गेला. अर्ध्या तासाने १५. मग उशीवरून मान उचलून दाखव म्हटलं, तर हनुवटी थरथरली आणि मान खाली गेली. पुढच्या खेपेला ९. मशीन अजूनही ९८ दाखवत होती. मी डॉक्टरांना आकडे सांगितले, २४, १५, ९. त्यांनी मशीनकडे न बघता श्वासनलिकेत ट्यूब टाकायची तयारी सांगितली.

नंतर तो पूर्ण लुळा पडला. पापणीसुद्धा हलेना. पाहणाऱ्याला वाटावं, संपलं. पण या विषाने स्नायू निकामी होतात, माणूस आतून जागा असू शकतो. म्हणून प्रत्येक शिफ्टला आम्ही त्याला सांगायचो, आता कूस बदलतोय, आता सक्शन करतोय, म्हणजे कफ ओढून काढतोय, तुझी आई बाहेरच बसून आहे, पाऊस थांबला. कोणाला त्यात वेळ वाया जातोय असं वाटलं असेल तर वाटो.

पाचव्या दिवशी पायाचा अंगठा हलला. नवव्या दिवशी ट्यूब काढली. संध्याकाळी मी पुन्हा म्हटलं, एका दमात म्हण. घोगऱ्या आवाजात अकरापर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी एकोणीस. त्याची आई कॉटच्या कडेला उभी राहून त्याच्यासोबत बोटं दुमडत होती. एका हाताची झाली, दुसऱ्या हाताची झाली, मग ती पुन्हा पहिल्या हातावर आली.