तुम्ही विचारलंत म्हणून: धाकटे काका अर्धेच का?

बेळगावजवळच्या येळ्ळूरगडावर मी काढलेला आमच्या घरच्यांचा तो फोटो ज्यानं बघितला, तो मला हेच विचारतो. लग्नात विचारतात, बाराव्याच्या जेवणाला विचारतात. मागच्या महिन्यात शहापूरच्या खडेबाजारात साडी बघत होते, तर आत्यांच्या जाऊबाईंनी तिथंच गाठलं. "बाकीचे सगळे नीट आल्यात, मग तुझ्या काकांच्या अंगातनं मागचा तट कसा दिसतोय गं? मधेच उठून गेले म्हणे, खरं काय?"

थोरल्या-धाकट्या काकांतल्या वाटणीच्या आणि विहिरीच्या भांडणाचं मी सांगत बसत नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. फोटोचं तेवढं सांगते.

माझा कॅमेरा म्हणजे दुधाच्या पावडरीचा डबा. आतून काळा रंग दिलेला, एका बाजूला पातळ पत्र्यात सुईच्या टोकानं पाडलेलं ०.४ मिलिमीटरचं भोक आणि समोर ब्लॅक अँड व्हाइट फोटोचा कागद. भिंग नाही. भोकापासून कागद १२ सेंटीमीटरवर आहे, म्हणजे फोटोग्राफीच्या हिशोबात एफ ३००, उजेड अगदी थोडाच आत येतो. त्यामुळं भर उन्हातसुद्धा एका फोटोला जवळजवळ एक मिनिट लागतं. त्या मिनिटात जो स्थिर उभा राहतो तो उमटतो. समोरून चालत गेलेला माणूस उमटतच नाही. आणि जो अर्धा वेळ थांबतो तो अर्धा उमटतो, उरलेल्या वेळात त्याच्या जागी मागचं जे असेल ते येतं. मी काही पुसलेलं नाही, काही जोडलेलं नाही. त्या फोटोत बायकांची कुंकवं काळी दिसतात, तीसुद्धा कागदाला लाल रंग दिसत नाही म्हणून. त्यावरून मला कोणी विचारत नाही.

जानेवारीतला रविवार होता. सौंदत्तीला आणि जोतिबाला आम्ही जातोच, या वेळी जवळचं म्हणून येळ्ळूरगड ठरला. लहानमोठी धरून तेवीस माणसं. सिद्धेश्वराचं दर्शन झालं आणि तटाच्या सावलीत भाकरी, झुणका, दही घेऊन सगळे बसले. आप्पा, म्हणजे थोरले काका, एका टोकाला आणि धाकटे काका दुसऱ्या. आप्पांनी बुक्कीनं कांदा फोडला, उठले, सगळी पंगत ओलांडून गेले आणि अर्धा कांदा काकांच्या ताटात ठेवला. बोलले काही नाहीत. काकांनी तो मिठाला लावून खाल्ला. चार वर्षांत पहिल्यांदा मी त्या दोघांना इतकं जवळ बघितलं.

म्हणून मीच दोघांना शेजारी उभं केलं. "काका, आप्पांकडं सरका की जरा." आप्पांनी आपणहून काकांच्या खांद्यावर हात ठेवला. मोबाईल मीच सगळ्यांना खिशात ठेवायला लावले होते, आज एकच फोटो म्हणून. त्यामुळं त्या वेळचा दुसरा फोटो कुणाकडंच नाही. हा दोष माझा, तो मी नाकारत नाही.

भोकावरची काळी चिकटपट्टी काढली आणि मोठ्यानं मोजायला लागले. वीसपर्यंत कोणी हललं नाही. तिसाच्या पुढं कुठंतरी काकांचा नातू, जो फोटोला न येता तटापाशी खेळत होता, दगडावरून घसरला आणि किंचाळला. काका धावले. पोराचा गुडघा फुटला होता. काकांनी टोपी काढून ती त्यावर दाबून धरली.

आणि मी मोजत राहिले. चाळीस, एक्केचाळीस. "हलू नका कोणी!" असंसुद्धा ओरडले. पोरगं रडत होतं आणि मी साठ पुरे केले. तुम्ही काकांबद्दल विचारता. या माझ्या ओरडण्याबद्दल आजवर एकानंही विचारलेलं नाही, आणि मला रात्री आठवतं ते तेच.

घरी येऊन न्हाणीघरात लाल दिव्याखाली कागद धुतला. पाण्यातून तट वर आला, माणसं आली, आणि काका धुरासारखे. वर्षभर परसात तुळशीवृंदावन आणि बादल्यांचे फोटो काढत होते, असा एकही आला नव्हता. इतकी हरखले की त्याच रात्री सगळ्यांना पाठवला. काका नातवाकडं धावले, एवढी एक ओळ खाली लिहायची होती. ती लिहिली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आप्पांच्या घरात सुरू झालं होतं: "बघा, फोटोलासुद्धा थांबला नाही."

तेव्हा मी सगळ्यांना सांगायचे, मोबाईलच्या शंभर फोटोंपेक्षा माणसं एक मिनिट एकत्र निश्चल उभी राहिली तर त्यात जास्त काही आहे. अजूनही मला ते पटतं. त्या दिवशी मोबाईल चालू दिले असते तर बरं झालं असतं, हेही पटतं. दोन्हींचा मेळ मला घालता आलेला नाही.

काका रागानं गेले नाहीत. हे मी कुठंही, कुणासमोरही सांगेन. किंचाळी आधी की काकांचं वळणं आधी, असं खोदून विचाराल तर मात्र माझे डोळे घड्याळावर होते.

आणि एक गोष्ट, जी मी घरात अजून बोललेली नाही. कागद उजेडात धरून नीट बघितला तर काकांच्या खांद्यावरचा आप्पांचा हात काकांच्या अंगापेक्षाही फिका आहे. काका गेल्यावर हात खाली आला असता तर दोन्ही सारखेच फिके दिसले असते. म्हणजे हात आधी निघाला. दिवाळीला काकांना एकटं गाठून विचारलं, तर म्हणाले, "पोरगं पडलं की गं, थांबतो कसा?" मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मी हाताचं विचारलं नाही.

आप्पांचा उजवा खांदा त्या फोटोच्या वेळेपासूनच दुखतो. अर्धा मिनिट हात वर धरणंसुद्धा त्यांना होत नाही.