सेल नवे, तरी कॅमेरा मेलेला

मामाचा जुना एसएलआर (लेन्समधलं दृश्य आरशातून व्ह्यूफाइंडरमध्ये दाखवणारा कॅमेरा) माझ्याकडे आला तेव्हा त्याचा आरसा वरच अडकलेला होता. व्ह्यूफाइंडरमध्ये मिट्ट काळोख. "सेल बदल, होईल चालू," मामा म्हणाला. बदलले. ढिम्म.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीचा हा कॅमेरा दोन बटन सेलवर चालतो. शटरचा दुसरा पडदा एक इवलंसं विद्युतचुंबक धरून ठेवतं आणि सर्किटने सांगितलं की सोडतं. वीजच नसेल तर मामला अर्ध्यात थांबतो. नशीब, डायलवर शटरचा एक वेग निव्वळ यांत्रिक आहे, १/१०० सेकंद. डायल तिथे नेल्याबरोबर आरसा खटकन खाली आला. त्या वेगावर शटर दहा वेळा मारून पाहिलं, दहाही वेळा पडलं. म्हणजे स्प्रिंगा, पडदे शाबूत, दुखणं विजेचं.

सेलच्या खोबणीत हिरवट पांढरा थर होता. अल्कलाइन सेल गळला की पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं, त्यामुळे कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून पुसलं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग खोडरबराने स्प्रिंग घासली. एक्स्पोजर दाखवणारा लाल दिवा लागला! संध्याकाळपर्यंत मी सगळ्यांना सांगत सुटलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा अंधार.

मग मल्टिमीटर काढला. सिल्व्हर ऑक्साइडचे सेल, प्रत्येकी १.५५ व्होल्ट. कॅमेऱ्यात बसवून मोजले तरी ३.१. वीज तर येतेय, मग सर्किटच गेलं असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि दोन आठवडे कॅमेरा कपाटात टाकला. ही चूक शुद्ध माझी. मीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही. तुंबलेल्या नळाची तोटी बंद असेल तर दाब पूर्णच दिसतो. उघडली की कळतं, धार करंगळीएवढी.

दोन आठवड्यांनी खालची प्लेट उघडली. (जपानी कॅमेऱ्यांचे स्क्रू बहुधा जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या पद्धतीचे असतात. नेहमीचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात नीट बसत नाही आणि खाच खातो. माझ्या एका स्क्रूवर त्याची खूण कायमची राहिली आहे.) या कॅमेऱ्यात धन टोक झाकणातून बॉडीला जातं, आणि ऋण टोकाच्या स्प्रिंगपासून एक बारीक काळी वायर सर्किटकडे. मीटरची एक पिन बॉडीवर, दुसरी या वायरच्या सर्किटकडच्या टोकावर. ३.१. आता शटरचं बटण अर्धं दाबलं. आकडा सरळ ०.९ वर कोसळला. सोडलं, पुन्हा ३.१. स्प्रिंगकडच्या टोकाला मात्र बटण दाबलं तरी तीनच्या वर. चोर सापडला होता, ही वायरच, पण खात्री हवी होती. दोन एए सेलच्या डबीतून ३ व्होल्ट घेतले, धन बॉडीला आणि ऋण थेट सर्किटच्या टोकाला टेकवलं. दिवा लख्ख. शटर सगळ्या वेगांवर पडलं. सर्किट बिचारं ठणठणीत होतं.

वायर कापून सोलली. वरचं प्लास्टिक अगदी नव्यासारखं, आत तांब्याच्या तारा कोळशासारख्या काळ्या, चिमटीत धरताच भुगा. गळलेलं रसायन वायरच्या आतून चढत सर्किटच्या पार जवळ गेलं होतं. काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही, म्हणून तुकडा जोडण्याच्या फंदात न पडता अख्खी वायर बदलली. सोल्डरिंगची टोकदार सळई स्प्रिंगच्या पत्र्याला दोन सेकंदांपेक्षा जास्त लावली असती तर खोबणीचं प्लास्टिकच वितळलं असतं. पहिल्या प्रयत्नात वासही आला.

ज्यांना हे करून पाहायचंय त्यांना एकच धोक्याची सूचना: अंगचा फ्लॅश असलेला कॅमेरा असा उघडू नका. त्याच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, सेल काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास असू शकतात.

दिवा लागला, पण एक्स्पोजर दाखवताना थरथरत होता. फिल्म स्पीडच्या (फिल्मच्या प्रकाश-संवेदनशीलतेच्या) डायलखाली एक रेझिस्टरची पट्टी असते, वर्षानुवर्षं न फिरल्याने ती मळते. डायल या टोकापासून त्या टोकापर्यंत चाळीसेक वेळा फिरवली, थरथर गेली. शेवटी लेन्स काढून, मागचं दार उघडं ठेवून, फोनच्या सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये शटर टिपलं. १/३० वर खिडकी साधारण ८ फ्रेम उघडी दिसली, म्हणजे बरोबर. १/१००० तपासणं फोनच्या आवाक्यातलं नाही. ते फिल्मच सांगेल.

फिल्म भरली आहे, अकरावी फ्रेम झाली. परवा मामाने विचारलं, "सेलच होते ना?" मी हो म्हटलं. खोटं नव्हतं ते. त्यानेच कधीतरी आत विसरलेले सेल होते.