ऑडिटरला फक्त बघू द्यायचं होतं

आमची पतसंस्था अंबाजोगाईकडची, सहा शाखांची. तिथं मी कॉम्प्युटरवाला. नेमणूकपत्रावर पदाचं नाव भारदस्त आहे, पण शाखेतून फोन येतो तो ‘कॉम्प्युटरवाल्या सरांना द्या’ असाच.

मागच्या वर्षीच्या ऑडिटला घोळ झाला. लेखापरीक्षकांसोबत आलेल्या एका पोरानं जुनं व्हाउचर बघायला म्हणून उघडलं. बाहेर पडताना ‘सेव्ह करायचं का?’ असं विचारल्यावर ‘हो’ दाबलं. व्हाउचर मार्चचं, तारीख पडली जूनची. ३१ मार्चची तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची यादी, सही झालेल्या प्रतीशी जुळेना, फरक ४,५०० रुपयांचा. दोन दिवस आम्ही खतावण्या उपसल्या. शेवटी व्हाउचर सापडलं, पण कुणी काय बदललं याची नोंद ठेवणाऱ्या लॉगमध्ये नाव होतं ‘ॲडमिन’. आणि त्या दिवशी ॲडमिन म्हणून किती जण बसले होते, देवालाच ठाऊक. पासवर्डची चिठ्ठी टेबलाच्या काचेखाली, कुलदैवताच्या फोटोशेजारी. त्या पोराला तरी काय बोलणार? चावी आम्हीच दिलेली.

चेअरमन साहेब म्हणाले, “ऑडिटवाल्यांचं वेगळं करून टाका. एका दिवसाचं तर काम.” तीन आठवडे लागले.

सुरुवातीला मीही तसंच समजत होतो. ‘ऑडिट’ नावाचा एक युजर काढायचा, ‘व्ह्यू’ला टिक मारायची, विषय संपला. पण ऑडिट म्हणजे एक माणूस नव्हे. दरवर्षी कायद्यानं येणारे लेखापरीक्षक, त्यांची दोन-तीन पोरं, वर्षभर फिरणारे आमचे अंतर्गत तपासणीस, शिवाय मुख्य कार्यालयातला इन्स्पेक्शन विभाग. प्रत्येकाचं बघणं वेगळं. म्हणून आधी कॉम्प्युटर बंद केला आणि जुन्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर तक्ता आखला. उभे रकाने विभागांचे: बचत, पिग्मी, सोनेतारण, कर्ज, रोकड, सभासद. आडव्या ओळी माणसांच्या नव्हे, पदांच्या. तलाठी बदलून जातो, पण सज्जाचं दप्तर तिथंच राहतं ना, तसा अधिकार माणसाला न देता खुर्चीला द्यायचा. माणूस त्या खुर्चीवर बसवायचा आणि काम झालं की उठवायचा. या पद्धतीवर अमेरिकेत १९९२ साली फेरायलो आणि कून या दोघांनी शोधनिबंध मांडला होता, हे मला नंतर वाचायला मिळालं. मला ती तलाठ्यावरून सुचली.

खरी मारामारी रिपोर्टांची. ‘फक्त बघणे’ देऊन मी स्वतः ऑडिटच्या आयडीनं बसलो. खातेउतारा दिसला, प्रिंट निघेना, कारण प्रिंटचा अधिकार वेगळा. तो दिला. मग देय व्याजाच्या तरतुदीचा रिपोर्ट काढला, तर ‘अधिकार नाही’. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला. तिकडचा इंजिनिअर म्हणतो, “सर, त्यांना फुल राइट्स देऊन टाका, चालतंय.” म्हटलं, अरे बाबा, त्याच्यासाठीच तर हे सगळं करायलोय! खोदून खोदून विचारल्यावर कळलं, हा रिपोर्ट आधी हिशोब करून एका तात्पुरत्या टेबलात लिहितो आणि मग दाखवतो. म्हणजे दिसायला वाचन, आतून लेखन. थकबाकीच्या वर्गवारीचं तर त्याहून वाईट. तिथलं ‘प्रोसेस’ बटण दाबलं की कर्जखात्याचा वर्गच नव्यानं लिहिला जातो. ऑडिटरच्या हातात ते बटण देणं म्हणजे उत्तरपत्रिका तपासणाऱ्यालाच पेन देऊन ‘उत्तरंही लिहा’ म्हणण्यासारखं. असे चार रिपोर्ट निघाले. ते आमच्या लेखापालांनी आधी चालवायचे, ऑडिटला तयार प्रत मिळायची, असं ठरवलं. पूर्ण समाधान नाही, पण गाडी चालली.

बाकीचं सोपं गेलं. प्रत्येक पोराला त्याच्या नावाचा आयडी, मुदत ३१ जुलैपर्यंत, म्हणजे वर्ष संपल्यावर ऑडिटला कायद्यानं जे चार महिने मिळतात तेवढीच. आधारचे शेवटचे चारच आकडे दिसतील असं केलं. त्यावर तक्रार आली नाही.

अडचण आली ती इन्स्पेक्शनच्या काकांची. शाखाधिकारी रजेवर गेले की काका तिथं बसतात. म्हणजे एकाच आयडीवर दोन भूमिका, आणि आमचं सॉफ्टवेअर दोन्हींचे अधिकार एकत्र करून देतं. सोमवारी काका व्हाउचर पास करणार, गुरुवारी तेच तपासणार. मी हे बोललो तर काका लालबुंद. “तीस वर्षं झाली नोकरीला, माझ्यावरच संशय का रे?” मी म्हटलं, “काका, तुमच्यावर नाही. पण उद्या फरक निघाला तर तुम्ही तुमच्या बाजूनं काय दाखवणार?” काका काही बोलले नाहीत. चहा मागवला, दोन सांगितले. ठेवीदार आधीच धास्तावलेत, मराठवाड्यात पतसंस्था बुडालेल्या सगळ्यांनी पाहिल्यात, हे काकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. आता त्यांचे दोन आयडी आहेत, आणि ज्या शाखेत बसले तिची त्या वर्षीची तपासणी दुसऱ्याकडं जाते.

काचेखालची चिठ्ठी मी स्वतः फाडली.

यंदा लेखापरीक्षक आले. बसता बसता पहिली मागणी, “युजरची यादी आणि कुणाला काय अधिकार, ते काढा.” मी छाती फुगवून अकरा पानांची प्रिंट दिली. त्यांनी तासभर बोट फिरवत वाचली आणि नवव्या पानावर थांबले. तिथं माझाच आयडी. नोटबंदीच्या गर्दीत, २०१६ ला, कॅशियर कमी पडले म्हणून मला व्हाउचर पास करायचा अधिकार दिला होता. तो तसाच जिवंत. सगळ्यांचे अधिकार छाटणारा मी, माझी ओळ वाचलीच नव्हती.

ऑडिट मेमोत तो मुद्दा आला. दोषदुरुस्ती अहवालात त्यासमोर ‘सदर अधिकार काढून घेण्यात आला’ असं मीच टाइप केलं आणि सहीसाठी फाइल मॅनेजर साहेबांकडं पाठवली.