चार वाजताचा मुलतानी

मी पेटीवाला. आपलं काम गायकाच्या मागे मागे जायचं, त्यामुळे गाणं फार जवळून ऐकायला मिळतं. हल्ली पुण्यातल्या तरुण मुलामुलींनाच जास्त साथ करतो. पंचविशी-तिशीतली ही मंडळी मुलतानी काय सुंदर गातात! मधुवंती, भीमपलासही तसेच. हे सगळे दुपारचे राग. रात्रीचा दरबारी मात्र त्यांच्यापैकी कुणाकडूनच मी मंचावर ऐकलेला नाही.

कारण घड्याळ. संमेलनात नव्यांना मिळते ती दुपारी चारची वेळ, पाऊण तास. लोक अजून खुर्च्या शोधतायत, साउंडवाला तानपुऱ्याच्या माइकशी झटतोय, त्यात निवेदक गुरुपरंपरा सांगत बसतो. संथ लयीतला बडा ख्याल जरा कुठे उलगडायला लागला की विंगेतून चिठ्ठी येते : ‘शेवटी अभंग घ्या’.

पूर्वी रात्र तरी मोठी होती. सवाई गंधर्व महोत्सवाची शेवटची रात्र पहाटेपर्यंत चालायची, सांगता भीमसेन जोशींची. आता दहाला माइक बंद, परवानगी असेल तर बारा. एवढ्याशा रात्रीवर ज्येष्ठांचा हक्क, हे मलाही मान्य आहे. पण ‘तरुण’ राहायचं तरी किती वर्षं? संगीत नाटक अकादमीचा उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार ४० वर्षांपर्यंतच्यांसाठी आहे. म्हणजे चाळिशीपर्यंत मुलतानी! भीमसेनजींनी १९४६ साली गुरूंच्या, सवाई गंधर्वांच्या, साठीच्या समारंभात गाऊन नाव काढलं, तेव्हा ते जेमतेम चोविशीचे होते.

मी जिला नेहमी साथ करतो, ती आकाशवाणीची ‘बी हाय’ श्रेणीची कलाकार. कार्यक्रमांची बिदागी तबलजी, मी आणि टॅक्सी यांत संपते. घर शिकवण्यांवर चालतं. पहाटे साडेपाचला कॅलिफोर्नियातली मुलं ऑनलाइन येतात. तिथे संध्याकाळ, म्हणून यमन. खर्ज भरायच्या, म्हणजे खालच्या स्वरांचा रियाज करायच्या वेळेला ही लॅपटॉपसमोर ‘नी रे ग’ घोटून घेत असते. मुलं गोड आहेत, फी वेळेवर येते. तक्रार कुणाविरुद्ध करायची?

मध्यंतरी तालमीला तिने सहज दरबारी लावला. त्यातला आंदोलित, म्हणजे झुलता, गंधार पेटीवर निघतच नाही, पट्टी दाबली की स्वर खुंटीसारखा उभा राहतो. मी बोट उचललं आणि नुसता षड्ज धरून बसलो. गंधाराला ती घाई न करता झुलवत होती, पुन्हा पुन्हा तिथेच येत होती. पाऊण तासात मध्य सप्तकही पुरतं झालं नव्हतं. हे चारच्या वेळेत कसं बसवणार?

एका आयोजकांना मी सुचवलं, एक वर्ष क्रम उलटा लावून बघा. चार वाजता ज्येष्ठ, रात्री नऊला ही मुलं. बुजुर्गांचा मुलतानी ऐकायला मी रजा टाकून येईन.

ते हसले. म्हणाले, “कल्पना झकास आहे हो. पण बुवांना चारची वेळ तुम्ही कळवणार, की मी?”