उतारावर जुगाड नाही

मंगळवार, रात्री उशिरा

ट्रकमध्ये होसूरहून चाकणचा माल. आठशेहून जास्त किलोमीटर गाडी नीट चालली आणि कात्रजचा नवा बोगदा ओलांडून पुण्यात शिरतो न शिरतो तोच हवेचा बझर वाजला. हवेच्या दाबाचा काटा डोळ्यांदेखत खाली येत होता. आमचे ड्रायव्हर मामा, त्यांनी इंडिकेटर देत गाडी डावीकडे घेतली, कडेला लागता लागताच मागची चाकं जाम झाली.

एअर ब्रेकच्या गाडीत हवा संपली की मागच्या बूस्टरमधली, म्हणजे चाकाजवळच्या ब्रेकच्या हवेच्या डब्यातली, स्प्रिंग सुटते आणि चाक धरून ठेवते. त्यामुळे गाडी अडली, पण सुटून खाली गेली नाही. बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा हा उतार पुण्यात कुणाला सांगायला नको. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये इथेच एका ट्रकने कितीतरी गाड्या ठोकल्या होत्या. अजूनही रात्री डिझेल वाचवायला लोक न्यूट्रलवर गाडी सोडतात. इंजिनाचा आधार सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेकचे लायनर तापतात आणि ऐन वेळी ब्रेक धरत नाही. हे बघितलं की माझा संताप होतो.

मामांनी आधी क्लीनरला चाकांखाली दगड लावायला सांगितले आणि स्वतः त्रिकोण घेऊन मागे लांबवर चालत गेले. मी 1033 ला, महामार्गाच्या मदत क्रमांकाला, फोन लावला. महामार्गाची गाडी आली, कोन लावून लेन बंद केली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. तोवर मागून येणारा प्रत्येक कंटेनर आपल्याच अंगावर येतोय असं वाटत होतं.

डाव्या बाजूच्या मागच्या बूस्टरमधून हवा जात होती. मामांनी तळहात धरून जागा शोधली. नंतर बूस्टर उतरवल्यावर मिस्त्रीने आतला डायफ्राम, म्हणजे हवा अडवणारा रबरी पडदा, दाखवला. रबर कडक पडलेलं, कडेला नखाएवढी चीर. एवढ्याशा चिरीने मालाने भरलेली दहा टायरची गाडी जागेवर बसवली!

मिस्त्री म्हणाला, "पाइप बंद करतो, बोल्ट कसून स्प्रिंग दाबतो आणि चाक मोकळं करतो. खाली नऱ्ह्यापर्यंत हळूहळू घ्या, दहा मिनिटांचं काम."

मामा म्हणाले, "सपाटीला असतो तर घेतली असती. या उतारावर एका चाकाचा ब्रेक कमी करून मी गाडी हलवणार नाही. नवा बूस्टर इथंच बसव."

तेवढ्यात पार्टीचा, म्हणजे मालवाल्याचा, फोन. माल आज उतरला नाही तर भाड्यातून पैसे कापणार म्हणे. मी सांगितलं, कापा. मामांच्या शब्दापुढे मला दुसरं काही पटत नव्हतं. स्टिअरिंगवर ते बसतात, खाली गाड्यांची रांग असते, त्यात कुणाची पोरं शाळेतून येत असतात.

सामान मागवून बसवेपर्यंत संध्याकाळ झाली. इंजिन चालू ठेवून काटा आठवर येऊ दिला, मामांनी ब्रेक चार-पाच वेळा दाबून बघितला, मगच दगड काढले. दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. मागून हॉर्न वाजत होते. वाजू देत.

चाकणला माल उद्या सकाळी उतरेल. तो उतरला की उजव्या बाजूचा बूस्टर उघडायला सांगितलंय. त्याचा डायफ्रामही तेवढाच जुना आहे.