रॉथ आयआरएतून परत काढलेली जादा रक्कम: रिटर्नमध्ये कोणत्या वर्षी आणि कशी दाखवली

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबांत रॉथ आयआरए हे निवृत्तीचे खाते आता पीपीएफइतकेच ओळखीचे झाले आहे. कर भरून झालेले पैसे त्यात टाकायचे आणि नियम पाळले तर पुढची वाढ करमुक्त मिळते, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. मात्र हे खाते उत्पन्नाच्या मर्यादेला बांधलेले आहे आणि आपले उत्पन्न त्या मर्यादेत बसते की नाही हे वर्ष संपल्यावरच नक्की कळते, ही गोष्ट मागे पडते. २०२३ या करवर्षासाठी पन्नाशीच्या आतील व्यक्तीला ६,५०० डॉलर भरता येत होते. संयुक्त रिटर्न भरणाऱ्या दांपत्याचे एमएजीआय, म्हणजे सुधारित समायोजित उत्पन्न, २,१८,००० डॉलरच्या वर गेले की ही रक्कम उतरू लागे आणि २,२८,००० ला शून्यावर येई. आम्ही या दोन आकड्यांच्या मधोमध अडकलो.

मी फेब्रुवारी २०२३ मध्ये ३,००० आणि ऑगस्टमध्ये ३,५०० डॉलर भरले होते. तेव्हाच्या अंदाजाने आम्ही मर्यादेच्या बरेच खाली होतो. डिसेंबरात पत्नीच्या कंपनीने बोनस दिला आणि त्यावर पुण्यातल्या बँकेतील एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) मुदत ठेवींचे व्याज येऊन बसले. हे व्याज भारतात करमुक्त असते, पण अमेरिकेचा करनिवासी जगभरातले उत्पन्न दाखवायला बांधलेला असल्याने इथे ते पूर्ण करपात्र ठरते. शिवाय भारतीय बँकेचे व्याज-प्रमाणपत्र एप्रिल ते मार्चचे असते आणि इथले वर्ष जानेवारी ते डिसेंबरचे. त्यामुळे खात्याचा उतारा मागवून तिमाहीनुसार व्याज वेगळे काढावे लागले, आणि ते होईपर्यंत मार्च २०२४ उजाडला. खालचे आकडे वाचणाऱ्याला धरून ठेवता यावेत म्हणून मी जरा गोल केले आहेत. रीत मात्र जशीच्या तशी आहे.

एमएजीआय निघाले २,२२,८४०. आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याच्या, प्रकाशन ५९०-ए मधील तक्त्याप्रमाणे त्यातून २,१८,००० वजा केले, उरलेल्या ४,८४० ला १०,००० ने भागले, आलेल्या ०.४८४ ने ६,५०० ला गुणले. ३,१४६ डॉलर कमी झाले, म्हणजे ३,३५४ राहिले. ती रक्कम वरच्या दहाच्या पटीत न्यायची असते, म्हणून माझी मर्यादा ३,३६० आणि जादा भरणा ३,१४० डॉलर. हा जादा भरणा खात्यात राहू दिला तर त्यावर दरवर्षी सहा टक्के दंडात्मक कर फॉर्म ५३२९ वर भरावा लागतो, म्हणजे आमच्या बाबतीत वर्षाला जवळजवळ १९० डॉलर, आणि तो एकदाच नव्हे तर दुरुस्ती होईपर्यंत प्रत्येक वर्षी.

सुटकेचे मार्ग दोन होते. एक, हा भरणा पारंपरिक आयआरएत वळवून घेणे, ज्याला इथे सगळे रीकॅरेक्टरायझेशन म्हणतात. मग तो तिथून पुन्हा रॉथमध्ये नेता येतो. पण जुन्या नोकरीतल्या ४०१(के) या कंपनीमार्फतच्या निवृत्ती खात्याचे करपूर्व पैसे माझ्या पारंपरिक आयआरएत आधीच आलेले असल्याने प्रत्येक रूपांतरात त्यांचा हिस्सा प्रमाणात मोजला जाऊन करपात्र ठरला असता. कागद वाढवून फायदा काहीच नव्हता. म्हणून दुसरा मार्ग धरला: रिटर्नच्या मुदतीआत, म्हणजे १५ एप्रिल २०२४ पूर्वी, जादा भरणा त्यावरील कमाईसह परत काढणे. असे केले की कायद्याच्या नजरेत तो भरणा झालाच नव्हता.

इथे एक बारकी अडचण समोर आली. परत काढलेल्या भरण्यावरची कमाई करपात्र उत्पन्नात धरली जाते, ती धरली की एमएजीआय वाढते, आणि एमएजीआय वाढले की मर्यादा आणखी उतरते. ३,१४० च काढले असते तर थोडा जादा भरणा खात्यात उरलाच असता. मुदतीआत कोणताही भरणा, जादा असो वा नसो, परत घेता येतो. म्हणून मी ऑगस्टचे ३,५०० डॉलर सबंध काढायचे ठरवले. कमाई ३५० धरून नवे एमएजीआय २,२३,१९० आणि त्यावर जादा भरणा ३,३७० येतो, म्हणजे ३,५०० मध्ये तो आरामात बसला. माझ्या मते अशा वेळी डॉलर-सेंटपर्यंत नेमकी जादा रक्कम काढण्याचा हट्ट धरू नये.

कमाईचा हिशेब मात्र मनाने करता येत नाही. ऑगस्टच्या पैशांतून मी जो फंड घेतला तो किती वाढला, हे विचारातच घेतले जात नाही. सगळे खाते किती वाढले ते पाहिले जाते. एकाच वर्षात अनेक भरणे असतील तर शेवटचा भरणा परत गेला असे मानतात. हे माझ्या सोयीचे होते, कारण काढायची रक्कम ऑगस्टच्या भरण्याएवढीच होती. त्या भरण्याच्या लगेच आधी खात्यात ४१,५०० डॉलर होते. त्यात ३,५०० मिळवून सुरुवातीची समायोजित शिल्लक ४५,०००. काढण्याच्या आदल्या क्षणी खात्याचे मूल्य ४९,५००. वाढ ४,५००, म्हणजे दहा टक्के; ३,५०० वर कमाई ३५०. एकूण ३,८५० डॉलर बाहेर आले. बाजार पडलेला असता तर कमी रक्कम परत आली असती आणि तो तोटा वजावटीला मिळाला नसता.

ब्रोकरेज कंपनीकडे यासाठी वेगळा अर्ज असतो आणि सगळा प्रकार त्या अर्जावर टांगलेला असतो. वेबसाइटवरचे नेहमीचे ‘पैसे काढा’ बटण दाबले तर तो साधा उपसा ठरतो, जादा भरण्याची परतफेड नव्हे. अर्जात भरणा कोणत्या करवर्षासाठी होता, कोणत्या तारखेचा, किती, आणि परतफेड मुदतीआत आहे की नंतर, हे विचारले होते. एक रकाना कर कापून घेण्याचा होता. काही न कळवल्यास आयआरएतील रकमेवर दहा टक्के संघीय कर कापतात. मी शून्य टक्के लिहिले. कमाई २०२३ च्या उत्पन्नात आणि कापलेल्या कराचे श्रेय पैसे निघाले त्या २०२४ च्या रिटर्नमध्ये, अशी विभागणी झाली असती, आणि ती मला नको होती.

आता मुख्य प्रश्न: हे दाखवायचे कोणत्या वर्षी? पैसे मार्च २०२४ मध्ये निघाले, त्यामुळे त्याचा फॉर्म १०९९-आर, म्हणजे काढलेल्या रकमेचा ब्रोकरेज कंपनीने दिलेला दाखला, जानेवारी २०२५ मध्ये येणार. कमाई मात्र भरणा ज्या वर्षी प्रत्यक्ष केला त्या वर्षाच्या उत्पन्नात जाते, म्हणजे २०२३ च्या. जो फॉर्म अजून छापलाही गेलेला नाही, त्यातली नोंद एप्रिलमध्ये भरायच्या रिटर्नवर करायची, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. मंडळातले एक काका वर्षानुवर्षे लोकांची रिटर्न्स भरत आले आहेत, त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “अहो, फॉर्मची वाट बघत बसलात तर पुढच्या वर्षी सुधारित रिटर्न भरावं लागेल. आकडे तुमच्याकडे आहेत ना? मग आत्ताच घाला.” भरणा जानेवारी ते एप्रिल २०२४ मध्ये २०२३ साठी म्हणून केलेला असता तर उत्तर बदलले असते; तेव्हा कमाई २०२४ ची ठरली असती.

संगणकावरच्या करप्रणालीत १०९९-आर जोडायला गेल्यावर तिने आधी विचारले की हा फॉर्म कोणत्या वर्षाचा आहे. मी २०२४ निवडले. रकाना १ मध्ये एकूण ३,८५०, रकाना २-ए मध्ये करपात्र ३५०, आणि रकाना ७ मध्ये ‘पी’ आणि ‘जे’ हे दोन कोड. ‘पी’ म्हणजे आधीच्या वर्षी करपात्र, ‘जे’ म्हणजे रॉथमधून मुदतपूर्व काढलेले. फॉर्म १०४० वर, म्हणजे मुख्य रिटर्नवर, ४-ए या ओळीत ३,८५० आणि ४-बी मध्ये ३५० उमटले. फॉर्म ८६०६ ला यात हात लावायचा नसतो, कारण परत केलेला भरणा तिथे नोंदवतच नाहीत. ५३२९ चा सहा टक्क्यांचा भागही कोरा राहिला, कारण मुदतीआत सगळे निघाले होते.

प्रणालीने मात्र ३५० डॉलरवर मुदतपूर्व उपशाचा दहा टक्के जादा कर म्हणून ३५ डॉलर लावून टाकले. पूर्वी तो खरोखरच लागत असे. २९ डिसेंबर २०२२ पासून ‘सिक्युअर २.०’ कायद्याने अशा परतफेडीच्या कमाईला त्यातून वगळले आहे. त्यामुळे ५३२९ च्या पहिल्या भागात ती रक्कम अपवाद म्हणून दाखवली आणि ३५ डॉलर गेले. राहिला तो ३५० वरचा साधा आयकर, आमच्या २४ टक्क्यांच्या टप्प्यात ८४ डॉलर. न्यू जर्सीच्या रिटर्नमध्येही ही कमाई उत्पन्न म्हणून घेतली.

रिटर्नसोबत एक छोटे स्पष्टीकरण जोडायचे असते. माझ्या मजकुराचा सारांश असा होता: २०२३ या करवर्षासाठी रॉथ आयआरएत भरलेल्या ६,५०० डॉलरपैकी ३,५०० डॉलर, त्यावरील ३५० डॉलर कमाईसह, मार्च २०२४ मध्ये रिटर्नच्या मुदतीआत परत घेतले; कमाई ओळ ४-बी मध्ये समाविष्ट आहे. त्यात भरण्याची तारीख, काढल्याची तारीख आणि खात्याचे शेवटचे चार अंक घातले. यापेक्षा जास्त लिहिण्याची गरज नसते. कारणे सांगू नयेत आणि माफी तर मुळीच मागू नये.

माझ्या एका सहकाऱ्याने मात्र मार्चमध्येच रिटर्न भरून टाकले होते आणि जादा भरणा त्याच्या लक्षात जुलैमध्ये आला. मूळ रिटर्न वेळेवर भरलेले असेल तर १५ ऑक्टोबरपर्यंत ही सवलत मिळते. त्याने पैसे काढून १०४०-एक्स हे सुधारित रिटर्न भरले आणि वरच्या बाजूला कलम ३०१.९१००-२ नुसार सादर केल्याची ठरावीक ओळ लिहिली. नोकरी बदलल्याने दोन कंपन्यांच्या ४०१(के) मध्ये मिळून जास्त रक्कम गेली असेल तर यातला कुठलाच नियम तसाच लावू नये. तिथे जादा रक्कम भरली त्या वर्षी करपात्र होते, तिची कमाई पैसे निघाले त्या वर्षी, आणि मुदत १५ एप्रिललाच संपते.

मेमध्ये फॉर्म ५४९८ आला आणि त्यावर २०२३ चा रॉथ भरणा ६,५०० असाच होता. पत्नी म्हणाली, “अरे, हे तर पूर्णच दाखवतायत, काढलेलं कुठंच नाही.” पण तो बरोबर होता. या फॉर्मवर एकूण भरणा येतो, नंतर परत काढलेला भाग वजा होत नाही. काढलेले दाखवायचे काम १०९९-आरचे.

त्याच १०९९-आरने पुढे घोळ केला. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या फॉर्मवर रकाना ७ मध्ये फक्त ‘जे’ होते आणि २-ए कोरा. म्हणजे आयआरएसच्या नोंदीत हा २०२४ चा साधा रॉथ उपसा झाला, आणि आमच्या २०२३ च्या रिटर्नवरच्या ३५० डॉलरशी त्याचा काही मेळ राहिला नाही. कंपनीच्या दूरध्वनीवरील प्रतिनिधीने सुरुवातीला “कराबाबत आम्ही सल्ला देत नाही” हे पालुपद लावले. सल्ला नको, तुमच्याच अर्जावर मी परतफेडीचा पर्याय निवडला आहे, त्याप्रमाणे कोड दुरुस्त करून द्या, असे सांगून अर्जाची प्रत आणि व्यवहाराची पावती पाठवली तेव्हा काम पुढे सरकले. दुरुस्त फॉर्म फेब्रुवारीअखेर आला. ‘दुरुस्त’ या चौकोनात खूण, २-ए मध्ये ३५०, रकाना ७ मध्ये ‘पी’ आणि ‘जे’. तो येईपर्यंत २०२४ चे रिटर्न मी मुद्दाम थांबवून ठेवले होते. दुरुस्त फॉर्मचे आकडे आम्ही २०२३ मध्ये दाखवलेल्या आकड्यांशी जुळत असल्याने सुधारित रिटर्नची वेळ आली नाही. २०२४ च्या रिटर्नमध्ये ही रक्कम उत्पन्न म्हणून आली नाही. प्रणालीत फॉर्म भरल्यावर तिनेच तो आधीच्या वर्षाचा असल्याचे सांगितले.

रॉथमधील आपल्या मूळ भरण्याची नोंद मी वहीत वेगळी ठेवतो, कारण पुढे केव्हाही तेवढे पैसे कर न लागता काढता येतात. त्यात २०२३ पुढचे ६,५०० खोडून ३,००० केले. २०२४ साठी मर्यादा ७,००० होती आणि संयुक्त रिटर्नची उतरती कळा २,३०,००० ला सुरू होत होती. त्या वर्षाचा भरणा मी वर्षभरात केलाच नाही. दोघांचे डब्ल्यू-२ (पगाराचे वार्षिक दाखले) आणि पुण्याच्या बँकेचे उतारे हातात आल्यावर, एमएजीआय मर्यादेखाली असल्याची खात्री करून, मार्च २०२५ मध्ये सगळे ७,००० एकदम भरले आणि भरताना करवर्ष २०२४ निवडले.