परदेशी गेमसाठी कन्सोल उघडण्यापूर्वी

एका देशात विकला गेलेला गेम दुसऱ्या देशातल्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळण्याच्या यंत्रावर, चालू नये म्हणून कंपन्यांनी जी अडवणूक करून ठेवली, तिला रीजन लॉक म्हणतात. ही अडवणूक दूर करण्यासाठी जुन्या कन्सोलमध्ये बदल करणे हा माझ्या विशेष आवडीचा विषय आहे. या वाटेला नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच गोष्ट सांगतो: हातात हत्यार घेण्यापूर्वी आपल्या यंत्राला कुलूप नेमके कुठे लावले आहे, हे शोधून काढावे. ते प्रत्येक यंत्रात वेगळ्या ठिकाणी असते, आणि बरेचदा वाटते त्यापेक्षा फारच साधे निघते.

सुपर निन्टेंडोचे उदाहरण घ्या. हे यंत्र जपानमध्ये १९९० साली सुपर फॅमिकॉम या नावाने आले आणि १९९१ मध्ये अमेरिकेत पोहोचले. दोन्हींच्या आतली सुरक्षा चिप, म्हणजे परका गेम ओळखून अडवणारी चिप, सारखीच आहे, चित्राची पद्धतही एकच आहे. तरीही जपानी कार्ट्रिज (गेम साठवलेली प्लास्टिकची डबी) अमेरिकी यंत्रात बसत नाही, याचे कारण केवळ प्लास्टिक. अमेरिकी कार्ट्रिजच्या मागच्या अंगाला दोन खाचा असतात, आणि यंत्राच्या खोबणीत त्या खाचांत बसणारे दोन छोटे उंचवटे असतात. जपानी कार्ट्रिजला खाचा नसल्यामुळे ते त्या उंचवट्यांवर अडकून राहते. ते दोन उंचवटे पकडीने काढून जागा कानशीने घासून घेतली, की जपानमध्ये प्रसिद्ध झालेले आणि त्या काळात बाहेर कधीच न आलेले कितीतरी गेम त्या यंत्रावर चालू लागतात. १९९५ चा ‘सेइकेन देन्सेत्सु ३’ हा त्यांपैकीच एक. तो जपानबाहेर अधिकृतपणे यायला २०१९ साल उजाडावे लागले. युरोपातल्या सुपर निन्टेंडोची गोष्ट मात्र निराळी आहे, कारण तिथे सुरक्षा चिपच वेगळी आहे आणि प्लास्टिक कापून काहीही साधत नाही.

सेगाच्या मेगा ड्राइव्हमध्ये कुलूप सर्किट बोर्डावर आहे. यंत्र जपानी आहे की परदेशी, आणि चित्र सेकंदाला ५० वेळा उमटवायचे की ६० वेळा, या दोन गोष्टी बोर्डावरच्या जोडण्यांनी ठरतात. त्या जोडण्या तोडून तिथे दोन छोटी बटणे बसवली की यंत्राचा प्रदेश हवा तेव्हा बदलता येतो. ‘स्ट्रीट्स ऑफ रेज’ या १९९१ च्या गेमचे कार्ट्रिज आत ठेवून पहिले बटण जपानच्या बाजूला करावे आणि यंत्र सुरू करावे, तर पडद्यावर ‘बेअर नकल’ हे जपानी आवृत्तीचे नाव येते. दोन्ही आवृत्त्या आधीपासून एकाच कार्ट्रिजमध्ये आहेत, हे असे डोळ्यांनी पाहण्यात मोठा आनंद आहे.

५० की ६० हे ठरवणाऱ्या दुसऱ्या बटणाचे महत्त्व तर त्याहून मोठे आहे. युरोपातील पाल पद्धतीच्या टीव्हीसाठी ५० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ५० वेळा चित्र उमटवत, चालणारी यंत्रे विकली गेली, पण अनेक गेम ६० हर्ट्झ गृहीत धरून लिहिलेले होते आणि ते युरोपसाठी नीट जुळवून घेण्याचे कष्ट कित्येक कंपन्यांनी घेतलेच नाहीत. त्यामुळे खेळ सुमारे एक षष्ठांशाने मंदावला, चित्राच्या वर आणि खाली काळे पट्टे आले. सेगाच्या ‘सॉनिक’ मालिकेतल्या पहिल्या गेमचे तर संगीतसुद्धा संथ झाले. त्या गेमवर वाढलेल्या माणसाला ६० हर्ट्झवरचा सॉनिक पहिल्यांदा ऐकवावा. आपण इतकी वर्षे काय ऐकत होतो, हे त्याला क्षणात कळते.

सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनचे कुलूप मात्र खरोखर हुशारीचे होते. डिस्कच्या अगदी आतल्या भागात वाचनमार्गाला मुद्दाम एक सूक्ष्म हेलकावा दिलेला असतो आणि त्या हेलकाव्यात चार अक्षरे लपवलेली असतात: जपानसाठी एससीईआय, अमेरिकेसाठी एससीईए, युरोपसाठी एससीईई. घरगुती सीडी रायटरला हा हेलकावा उमटवता येत नाही. यंत्र सुरू होताना ही अक्षरे तपासते आणि ती आपल्या प्रदेशाची नसतील तर डिस्क नाकारते. मॉडचिप म्हणजे योग्य वेळी हीच अक्षरे यंत्राला परस्पर पुरवणारा एक छोटा मायक्रोकंट्रोलर. सुरुवातीच्या चिपा ती अक्षरे अखंड पाठवत राहत, म्हणून पुढच्या काही गेमनी तेच हेरून चालायला नकार दिला. मग आल्या त्या गेम सुरू होताच गप्प बसणाऱ्या चिपा.

अडचण अशी, की डिस्क परदेशातून पैसे मोजून आणलेली अस्सल आहे की घरी उतरवलेली नक्कल आहे, हे मॉडचिपला कळत नाही. ती दोघांनाही आत सोडते. मूळ प्रत विकत घेऊन खेळणारा माणूस कोणाचेही नुकसान करत नाही, असे माझे ठाम मत आहे, परंतु मॉडचिपच्या या एका गुणामुळे तो नकली प्रती काढणाऱ्यांच्याच रांगेत उभा केला गेला. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये प्लेस्टेशनच्या मॉडचिपच्या बाजूने निर्णय दिला, पण नंतर तिथला कायदाच बदलला. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१४ मध्ये असे म्हटले, की कंपन्यांच्या कुलुपांना कायद्याचे संरक्षण आहे, मात्र ती कुलुपे गरजेपुरतीच असली पाहिजेत. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी आपल्या देशातला कायदा वाचून घेणे अत्यावश्यक आहे.

आणखी एक सूचना वीजपुरवठ्याची. जपानी यंत्राचा अडॅप्टर १०० व्होल्टचा असतो. तो २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावला तर नुकसान ठरलेले आहे.

निन्टेंडो स्विच आणि प्लेस्टेशन ४ यांच्या गेमना असे कुलूप उरलेले नाही, म्हणून हे सारे काम आता जुन्या यंत्रांपुरते राहिले आहे. ती यंत्रे नव्याने बनत नाहीत. तेव्हा जो बदल पुन्हा पूर्ववत करता येईल, तोच निवडावा, असा माझा आग्रह आहे. सुपर निन्टेंडोच्या आधीच्या पहिल्या निन्टेंडोच्या सुरक्षा चिपचा चौथा पाय मोकळा करून ग्राउंडला (सर्किटच्या शून्य व्होल्टच्या जोडणीला) जोडला की ती चिप अडवणूक थांबवते. अनेक जण तो पाय सरळ कापून टाकतात. त्याऐवजी सोल्डर वितळवून पाय हलकेच वर उचलावा आणि ग्राउंडशी बारीक तारेने जोडावा, म्हणजे पुढे कोणाला यंत्र मूळ स्थितीत हवे असेल, तर तार काढून पाय पुन्हा जागेवर बसवता येतो.